आज डोकं चांगलं आहे

माझी धाकटी बहीण कुमुद गेली त्याला आता महिना होऊन गेला. अकोल्याहून तिच्या यजमानांचा, विश्वासरावांचा, फोन आला तेव्हा मी अमरावतीत माझ्या स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. "ताई, कुमुद गेली. हृदय बंद पडलं," एवढंच ते म्हणाले. बॅग भरता भरता मी नातेवाइकांना कळवायला बसले. आणि प्रत्येकाने, अगदी प्रत्येकाने, पहिला प्रश्न तोच विचारला, "डोक्यानंच ना?" धामणगावच्या मामेभावाने विचारला, माझ्याबरोबर कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या जुन्या मैत्रिणीने विचारला, आणि नातवंडांनो, आर्या, रोहन, तुमच्या आईनेही तिकडून टोरांटोहून तेच विचारलं. नाही, हृदयाने गेली, असं मी दर वेळी सांगत होते आणि पलीकडून दर वेळी "नक्की ना?" असं यायचं, जणू माझीच ऐकण्यात काही चूक झाली असावी. शेवटी शेवटी मी चिडून बोलायला लागले. बहीण गेल्याचं दुःख करायला सवड मिळण्याआधी मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तो अजून गेलेला नाही.

तुम्ही दोघं फोनवर म्हणालात, "आजी, आम्हाला अकोल्याच्या आजीची फक्त ती अंधारी खोली आठवते. ती लिहायची म्हणजे नक्की काय करायची?" त्याच आठवड्यात वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी तिच्यावर लेख मागितला. म्हणून हा एकच लेख दोघांसाठी लिहिते आहे. तुमच्या आईला सांगा, मोठ्याने वाचून दाखव.

आमचे वडील धामणगाव रेल्वेला शाळामास्तर होते. घर स्टेशनाजवळ होतं आणि हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग आमच्या दारापर्यंत यायची. कुमुद माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. मी पुस्तकांना नीट कव्हरं घालणारी, आणि ही गाडीवानांपाशी जाऊन बसणारी. घरी येऊन ती जे सांगायची त्यातलं किती गाडीवानांनी सांगितलेलं आणि किती तिचं स्वतःचं, हे कधीच कळायचं नाही. एका बैलाला म्हणे रेल्वेची शिटी ऐकली की रडू येतं, कारण त्याची आई गाडीखाली गेली होती. आमची आई वैतागून म्हणायची, "या पोरीच्या तोंडाला लगाम नाही." त्यामुळे एक दिवस दुपारी ती शाळेतून येऊन उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, अर्धं घर दिसत नाही गं," तेव्हा आईने वर पाहिलंसुद्धा नाही. "उरलेल्या अर्ध्यात पाण्याचा माठ आहे. तो भर." कुमुदने माठ भरला आणि न्हाणीत जाऊन ओकली. मी तेव्हा अमरावतीहून सुट्टीवर आले होते. संध्याकाळपर्यंत ती डाव्या डोळ्यावर उशी दाबून पडून राहिली. कुणी डॉक्टरकडे नेलं नाही, ऊन लागलं म्हणाले. अर्धशिशीचा तो पहिला झटका होता, हे आम्हाला कित्येक वर्षांनी समजलं.

लग्न होऊन ती अकोल्याला गेली. विश्वासराव बँकेत होते, सासरचं मूळ गाव मोर्शीकडचं, संत्र्याच्या बागांमधलं. पहिली कथा दिवाळी अंकात आली तेव्हा सासरी पेढे वाटले गेले. दुसरी आली तेव्हा कुणीतरी विचारलं, ही आपल्याच घरातली गोष्ट तर नाही? आणि मग झटके वाढले. झटका म्हणजे काय ते तुम्हाला साध्या शब्दांत सांगते, कारण त्या अंधाऱ्या खोलीत तुम्हाला कुणी आत जाऊ दिलं नसेल. आधी डोळ्यांपुढे चमचमती नागमोडी रेघ यायची आणि अर्धं जग पुसल्यासारखं व्हायचं. मग डावी बाजू ठणकायला लागायची. उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास नको, उदबत्ती तर नकोच. मग उलट्या. असं एक दिवस, कधी दोन दिवस. त्यानंतरचा एक दिवस ती अगदी रिकामी असायची, बोलायची पण शब्द शोधत. अकोल्याचं उन्हाळ्यातलं ऊन तुम्ही पाहिलेलं नाही. फाल्गुनापासून ते मृगापर्यंत समोरच्या घराच्या टिनांवरून उजेड तिच्या खिडकीत असा यायचा की त्या महिन्यांत ती लिहायची गोष्टच काढायची नाही. तिचा हंगाम हिवाळ्यात. दसऱ्यानंतर ती जशी जागी व्हायची.

पांढऱ्या कागदाचासुद्धा तिच्या डोळ्यांना त्रास व्हायचा. म्हणून ती खाकी कागदावर लिहायची, शाळेच्या पुस्तकांना कव्हर घालतात त्या. जून महिन्यात दुकानात त्याच्या गुंडाळ्या येत, तेव्हा ती वर्षाचा साठा करून ठेवी. दुकानदार दर वर्षी विचारायचा, "वहिनी, पोरं किती हायेत हो तुमाले?" आणि ती सांगायची, "मोजून नाही राहिली मी." गुंडाळी कापून, उलटी गुंडाळून सरळ करून, जाड शिसाच्या पेन्सिलीने ती लिहायची. सकाळी पाचला उठून, ऊन भिंतीवर यायच्या आत. तिची सगळी पुस्तकं अशीच लिहिलेली आहेत, आणि त्यांतल्या एकाही पानावर झटक्याच्या दिवशी लिहिलेली एकही ओळ नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुखणं फारच हाताबाहेर गेलं की विश्वासराव तिला दवाखान्यात न्यायचे, सरळ कॅज्युअल्टीत. मी अकोल्यात असले तर मी सोबत असे, आणि नसले तर बडनेऱ्याहून मिळेल ती गाडी पकडून संध्याकाळपर्यंत पोचत असे. एका मे महिन्यातली दुपार मला स्वच्छ आठवते. ट्यूबलाइटच्या खाली, पत्र्याच्या स्टुलावर कुमुद ओढणी डोळ्यांवर बांधून बसलेली, हातात प्लॅस्टिकची पिशवी. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" आणि ही लेखिका बाई म्हणाली, "डॉक्टर, डोळ्यामागं कुणीतरी ओला कापूस भरून राहिलंय, आणि वर उभं राहून पायानं तुडवून राहिलंय." डॉक्टरांनी नर्सकडे पाहिलं. नर्स म्हणाली, "ह्या नेहमी येतात." डॉक्टर मला म्हणाले, "काय करतात या?" मी सांगितलं, कथा-कादंबऱ्या लिहिते. "हां..." ते म्हणाले. त्या एका 'हां'मध्ये सगळं निदान झालं होतं. बीपी नॉर्मल. स्कॅन नॉर्मल. टेन्शन घेत जाऊ नका, जरा मन रमवा. इंजेक्शनचं नाव कुमुदने स्वतः सांगितलं तर त्यांच्या कपाळाला आठी पडली, ही बाई इंजेक्शनसाठीच येते की काय अशी. शेवटी माझा संयम सुटला आणि मी त्यांच्याशी इंग्रजीत बोलायला लागले, अगदी वर्गात बोलावं तशी. पाच मिनिटांत पलंग मिळाला, पडदा ओढला गेला, सलाइन लागली.

दुसऱ्या दिवशी कुमुद उठून बसली तेव्हा म्हणाली, "ताई, माझं दुखणं मराठीत खोटं आणि इंग्रजीत खरं. पुढच्या वेळी मी येत नाही, तू एकटीच जा."

मी तिला नियमच घालून दिला: कॅज्युअल्टीत उपमा द्यायची नाही. डावी बाजू, सकाळपासून, उलट्या, उजेड सहन होत नाही, मागच्या वेळी कोणत्या औषधाने थांबलं. बस. तिने ते पाठ केलं आणि त्याचा उपयोगही झाला. "एवढ्या वर्षांत माझ्या कोणत्याच लेखनाचा असा तात्काळ परिणाम झाला नव्हता," असं ती म्हणायची. पण मला ती गोष्ट अजून डाचते. जिला दुखणं इतकं नेमकं सांगता यायचं तिने ते मुद्दाम बेचव करून सांगायचं, तरच ते खरं मानलं जाणार! कापूस तुडवण्याची ती उपमा ज्याने कधी कापसाची गाडी भरताना पाहिली आहे त्याला डोळे मिटून कळेल. पण डॉक्टरांना ती कळली नाही, की कळून ऐकायची नव्हती, कोण जाणे.

आता तिच्या सासूबाईंबद्दल. त्या वाईट नव्हत्या, हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्हाला तसं वाटेल. भर उन्हाळ्यात, दारं लावलेल्या त्या खोलीत सुनेच्या उशाशी बसून तासन्‌तास ओल्या फडक्याने तिचं कपाळ पुसणारी बाई होती ती. पण त्यांच्या मनाने घेतलं होतं की डोकं दुखतं ते लिहिण्याने. आणि त्या एकट्याच नव्हत्या. शेजारीपाजारी, नातेवाईक, एक दोन डॉक्टरसुद्धा हेच म्हणायचे. उन्हाने नाही, उदबत्तीने नाही, अंगातच असलेल्या आजाराने नाही, लिहिण्याने! एका कार्तिकात सासूबाई कौंडण्यपूरच्या जत्रेला गेल्या आणि रुक्मिणीसमोर नवस बोलून आल्या की सुनेचं डोकं राहिलं, म्हणजे दुखायचं थांबलं, तर सून लेखणी ठेवील. आपला नवस बोलून आल्या असत्या तर गोष्ट वेगळी. त्या सुनेची लेखणी बोलून आल्या होत्या, आणि तेही तिला न विचारता.

आणि घडलं असं की डोकं राहिलं. तो हिवाळा, पुढचा उन्हाळा, एकही झटका नाही. अर्धशिशी अशी मध्येच गप्प बसते, हे आता कुठल्याही डॉक्टरला विचारा. पण त्या घरात त्याचा एकच अर्थ लागला. पुढच्या कार्तिकात नवस फेडायचा ठरला. मला कळलं तेव्हा मी तडक अकोल्याला गेले आणि सासूबाईंशी भांडले. होय, भांडले. म्हटलं, "तुम्ही तिची वस्तू परस्पर कशी देऊन टाकली?"

त्या सुपारी कातरत बसल्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "मास्तरीनबाई, नवसात आपल्या जिवाची वस्तू सोडा लागते. माह्यं डोकं असतं तं म्या सुपारी सोडली असती. डोकं तिचं, म्हून वस्तूबी तिची. तिले दुसरं काय आवडते, सांगा बरं तुमी?"

आमच्या अख्ख्या घरात कुमुदला सगळ्यांत प्रिय काय आहे हे त्या बाईला बरोबर ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिने ते उचलून दिलं होतं. याच्यावर कोणता वाद घालणार? मी कुमुदला बाजूला घेऊन म्हटलं, तू नाही म्हण. ती म्हणाली, "ताई, वर्ष झालं. वर्षभर मी फोडणीच्या वासात उभी राहिले, लग्नात बँडजवळ बसले, उन्हात भाजी आणायला गेले. तुला कळत नाही हे काय आहे ते. याच्या बदल्यात कुणी हात मागितला असता तरी मी दिला असता." आणि ती गेली. नदीत पाय धुतले, देवळात गेली, शाईचं पेन रुक्मिणीसमोर ठेवलं. सासूबाईंना हे माहीत नव्हतं की ती पेनाने लिहीतच नव्हती. पण कुमुदने पळवाट काढली नाही. घरी येऊन पेन्सिलीही शेजारच्या मुलींना देऊन टाकल्या.

मकरसंक्रांतीच्या सुमारास झटका आला, आधीच्या सगळ्यांहून मोठा. पुन्हा कॅज्युअल्टी, पुन्हा नॉर्मल. मला वाटलं, सुटलो, आता तरी हे प्रकरण मिटेल. पण सासूबाईंनी हार मानली नाही. मला म्हणाल्या, "हात नाई लिहीत, पन होट हालतेत तिचे. मनात लिहून राहिली ते. देवीले दिसत नाई का?" मी कपाळावर हात मारला. कुमुद मात्र पलंगावर पडल्या पडल्या हसायला लागली, डोकं धरून, कळ येत असताना. म्हणाली, "बरोबर बोलतात आई. एक अख्खी कादंबरी लिहून झाली आहे." ती पुढे पुन्हा लिहायला बसली तेव्हा त्या कादंबरीतलं काय उरलं होतं? दोन माणसं आणि एक विहीर. बाकी सगळं विरून गेलं. कार्तिक ते संक्रांत, ऐन लिहायच्या हंगामातले ते सलग चांगले दिवस, आणि त्यातला एक शब्द आपल्याजवळ नाही. याचं काय करायचं मला कळत नाही. देवीवर रागवावं, सासूबाईंवर, की त्या आजारावर? सासूबाई तर शेवटपर्यंत म्हणत होत्या की नवस अर्धाच फिटला.

बऱ्याच वर्षांनी अकोल्यात मेंदूविकाराच्या एक डॉक्टरीणबाई आल्या. तरुण, कमी बोलणाऱ्या. त्यांनी कुमुदला उपमा देऊ दिल्या आणि लिहून घेतल्या. पहिल्यांदाच कुणीतरी हा आजार आहे म्हटलं, स्वभाव नव्हे. रोज घ्यायची गोळी दिली. झटके निम्म्यावर आले, पण शब्द जायला लागले. स्वयंपाकघरात उभी राहून ती मला फोनवर म्हणाली, "ताई, ज्यात कणीक मळतात ते... पितळेचं... काय गं म्हणतात त्याला?" परात! माझ्या बहिणीला परात हा शब्द आठवत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की या गोळीने काहींना असं होतं. कुमुद मला म्हणाली, "रुक्मिणीनं आणि डॉक्टरीणबाईंनी एकच दर लावला बघ." या वेळी मात्र तिने नाही म्हटलं. गोळी बंद केली, झटके पत्करले, शब्द परत आणले. पुढे दुसरं औषध मिळालं, त्याने शब्दांना धक्का लागला नाही. शेवटची तीन-चार वर्षं त्यातल्या त्यात बरी गेली. त्या वर्षांत तिने मोर्शीकडच्या संत्र्यांच्या पेट्या भरणाऱ्या बायांवर कादंबरी लिहायला घेतली. इतकी मोठी कादंबरी तिने कधी धरली नव्हती. "मला फक्त सलग दिवस पाहिजेत," ती म्हणायची. आयुष्यभर तिने एवढंच मागितलं. पैसा नाही, नाव नाही, पुरस्कार तर नाहीच. सलग दिवस.

रोज सकाळी तिचा फोन यायचा. झटक्याच्या दिवशी यायचा नाही, त्यावरून मी काय ते समजायची. बाकी दिवशी पहिलं वाक्य ठरलेलं, "आज डोकं चांगलं आहे." मग इकडच्या तिकडच्या चार गोष्टी. त्या दिवशीही फोन आला. "आज डोकं इतकं चांगलं आहे ना ताई, मलाच भीती वाटून राहिली. ठेवते, लिहायचं आहे." झालं. चार गोष्टीसुद्धा नाहीत. मला बरंच वाटलं होतं.

उरलेलं विश्वासरावांनी सांगितलं, तेही मी अकोल्याला पोचून दोन दिवस झाल्यावर. सकाळपासून तिच्या छातीत भरून आल्यासारखं होत होतं. डावा हात जड वाटत होता. तिने जिऱ्याचं पाणी मागितलं, म्हणाली ॲसिडिटी आहे. त्यांनी म्हटलं, चल दवाखान्यात जाऊन येऊ, रिक्षा बोलावतो. तिने टेबलावरून मानसुद्धा वर केली नाही. "आज? आज डोकं चांगलं आहे हो. दवाखान्यात घालवायला माझे वाईट दिवस आहेत की. आणि जाऊन सांगू काय? पुन्हा टेन्शन म्हणतील." ते दुसऱ्यांदा म्हणाले. तिने हाताने खूण केली, थांबा. जेवायला हाक मारायला गेले तेव्हा ती खुर्चीतच होती. मग रिक्षा, मग तीच कॅज्युअल्टी, तेच पत्र्याचं स्टूल. "आणायला उशीर झाला," असं तिथे सांगितलं गेलं.

आता मला सांगा, मी कुणावर चिडू? ज्या बाईने आयुष्यातले कितीतरी दिवस त्या दारात काढले, तीच ज्या दिवशी जायला पाहिजे होतं त्या दिवशी गेली नाही. कारण तो दिवस तिला फुकट घालवायचा नव्हता. कारण तिला इतक्यांदा सांगितलं गेलं होतं की तुम्हाला काही झालेलं नाही, की खरोखर काही झालं तेव्हा तिने तेच स्वतःला सांगितलं. विश्वासराव मला पुन्हा पुन्हा विचारतात, "मी हाताला धरून उठवायला पाहिजे होतं का?" मी त्यांना नाही म्हणते. ती उठली नसती. चांगल्या डोक्याच्या दिवशी तिला टेबलावरून कुणी उठवू शकलं नसतं, सासूबाईसुद्धा नाहीत.

तेरावं झाल्यावर अकोल्यातल्या वाचनालयात शोकसभा झाली. लोक मनापासून आले होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण एक प्राध्यापक बोलायला उठले आणि म्हणाले की वेदना हीच कुमुदताईंची खरी गुरू होती, त्या वेदनेनेच त्यांना लिहितं केलं. माना डोलल्या. पहिल्या रांगेत विश्वासरावांनीही डोलावली, बिचाऱ्यांनी. मला बोलायचं नव्हतं, पण मी उभी राहिले. म्हटलं, सर, वेदनेने तिला झोपवलं. ओकायला लावलं. तिने लिहिलं ते डोकं दुखत नव्हतं तेव्हा. तुमच्या कपाटात तिची जी पुस्तकं आहेत ती फक्त तिच्या चांगल्या दिवसांची आहेत. वाईट दिवसांची पुस्तकं लिहिलीच गेली नाहीत, ती कुठे आहेत विचारा. वेदना गुरू असती तर तिने निदान सुट्टी तरी दिली असती... माझा आवाज चढला होता. सभा संपल्यावर कुणीतरी मला पाणी दिलं, मोठ्या बहिणीला धक्का बसलाय असं समजून.

मागच्या आठवड्यात मी पुन्हा अकोल्याला गेले, कादंबरीच्या कागदांसाठी. प्रकाशकांचा फोन येऊन गेला होता. शेवटचं प्रकरण अर्धवट आहे, आणि त्यांचं म्हणणं असं की ताई, तुम्ही आयुष्यभर साहित्य शिकवलं, तुम्हीच चार पानं लिहून शेवट करा, कुणाला कळणार नाही. विश्वासरावांनाही ते पटलं होतं. तिच्या खोलीच्या दाराशी उभे राहून ते म्हणाले, "तिची इच्छा पूर्ण होईल. तुम्हाला माहीत असेलच ती पुढे काय लिहिणार होती."

"नाही माहीत," मी म्हटलं. "आणि माहीत असतं तरी लिहिलं नसतं. तिचे दिवस सगळ्यांनी घेतले. आजाराने घेतले, दवाखान्याने घेतले, एक अख्खा हिवाळा देवळात ठेवून आलो. आता तिची पानंसुद्धा आपण घ्यायची? जिथं थांबलं आहे तिथं थांबवून छापा. खाली खुलासा नको, निधनामुळे अपूर्ण वगैरे काही नको. वाचणाऱ्याला राग येऊ द्या. पान उलटून बघू द्या, पुढचं कुठे गेलं म्हणून."

"हळू, ताई," विश्वासराव म्हणाले, आणि त्यांचा हात सवयीने तिच्या खोलीचं दार ओढून घ्यायला गेला.

दोघंही तसेच उभे राहिलो. आत कुणी नव्हतं. खिडकीवर जाड निळा पडदा तसाच होता, सकाळचं ऊन त्याच्या कडेने आत आलेलं. मग मी आत जाऊन तिच्या खुर्चीत बसले आणि वरचा खाकी कागद उचलला. ते दाराशीच होते. त्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात मी त्यांना शेवटची ओळ वाचून दाखवली. मोर्शीच्या बाजारात दिवस मावळायला आला आहे, गोदा नावाच्या बाईला दलालाने उद्यापासून येऊ नको असं सांगितलं आहे, सगळ्या बाया हात थांबवून तिच्याकडे पाहताहेत. 'गोदाने भरलेली पेटी खाली ठेवली, पदराने हात पुसले, त्याच्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाली,'

स्वल्पविराम ठसठशीत आहे. पेन्सिल कुठे घसरलेली नाही. पुढे कागद कोरा.